चकती आणि गहू

वैजयंती काणेकरला निवृत्त व्हायला सहा आठवडे उरले होते तेव्हा संस्थेच्या संग्रहातले जुने जीवाश्म तपासणारं वाचक यंत्र अकराव्या कपाटापर्यंत येऊन पोचलं. ते कपाट तिने कित्येक वर्षांत उघडलं नव्हतं. बाद केलेले नमुने त्यात ठेवलेले असत.

"मॅडम, ट्रे तीनशे अठरा," शबाना म्हणाली. शबाना मुल्ला ही पुण्याच्या त्या संस्थेतली सगळ्यांत तरुण संशोधक. यंत्राची सगळी व्यवस्था तिच्याकडे होती. "कार्डावर तुमचीच सही आहे. 'मिश्र नमुना. अभ्यासातून वगळावा. ऑगस्ट २०१४.' यंत्र विचारतंय, वगळायचा का?"

पडद्यावर दोन चौकोन होते. हो आणि नाही.

ट्रेमध्ये काचेची एक बारीक नळी होती, तिच्या तळाशी चिमूटभर सुटी कवचं. शेजारी मुठीएवढा पिवळट दगड. एका बाजूने सपाट कापलेला.

"दगड तर अख्खा आहे," शबाना म्हणाली. "सुटी कवचं मिसळतील एक वेळ. दगडाच्या पोटात कोण काय मिसळणार?"

वैजयंतीने दगड उचलला. हातात घेतल्यावर तो आठवणीतल्यापेक्षा हलका लागला. सत्तावीस वर्षांपूर्वी हा दगड न फोडता त्याच्या आत बघायची संस्थेकडे सोय नव्हती, आणि फोडला तर भांडणाचा पुरावाच जाणार होता. आता सोय होती. 'हो'वर बोट ठेवलं की पाच सेकंदांत कपाट पुन्हा बंद झालं असतं आणि शबानाने काही विचारलंही नसतं.

"घे तो आत," ती म्हणाली. "नळीही घे. पण आधी दगड."

चार कोटी वर्षांपूर्वी आजच्या कच्छच्या जागी कोमट, उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी फोरॅमिनिफेरा नावाचे जीव राहत. एका पेशीचा जीव, पण स्वतःपुरतं चुन्याचं घर बांधणारा. आधी एक कप्पा, त्याला लागून दुसरा, मग तिसरा, असं गोल फिरत वाढत जाणारं घर. त्यांतले कितीतरी गट समूळ नाहीसे झाले, घरं तेवढी खडकात उरली. खडकाचं वय सांगायला ती फार उपयोगी पडतात, कारण एकेक जात ठरावीक काळापुरतीच जगली. मात्र आधी जात ओळखावी लागते आणि घोडं तिथेच अडतं. राहणारा केव्हाच गेलेला, हातात रिकामं घर. घरावरून घराणं ओळखायचं.

त्यात या जिवांची आणखी एक तऱ्हा. एकाच जातीत आलटून पालटून दोन पिढ्या होतात. एक पिढी दोन पेशींच्या मिलनातून जन्मते. तिचा पहिला कप्पा डोळ्यांना दिसणारही नाही इतका लहान, पण ती वाढून मोठी होते. तिचा शेवट आला की तिच्या एका शरीराची अनेक शरीरं होतात आणि ती पिल्लं बाहेर पडतात. ही दुसरी पिढी. तिचा पहिला कप्पा मोठा, घर मात्र लहानसंच राहतं. जुन्या अभ्यासकांनी अशा पुष्कळ जोड्या जुळवल्या होत्या. पण ज्यांना विद्यार्थी लांबलचक नावं टाळून 'चकती' आणि 'गहू' म्हणत, ते दोघे एकाच जातीचे असतील अशी शंका कुणालाही आली नव्हती. चकती नखाएवढी, चपटी. गहू खरोखर गव्हाच्या दाण्यासारखा, पण त्याहून बारीक. दोघांची कुळं निराळी मानलेली. शिवाय जिथे पाहावं तिथे चकती खालच्या थरात, गहू वरच्या. दोघांमध्ये वीस लाख वर्षांचं अंतर आहे, हे वैजयंतीनेच आपल्या प्रबंधात मांडलं होतं. तिचं नाव झालं ते त्या कालपट्टीमुळे.

वाचक यंत्र कवचाचं बाहेरचं रूप बघतच नसे. दगड न फोडता क्ष-किरणांनी त्याच्या पोटातलं एकेक कवच ते कप्प्याकप्प्याने उलगडायचं आणि घर कोणत्या नियमाने वाढलं ते शोधायचं. पुढचा कप्पा मागच्याच्या किती पट, भिंत कुठे वळते, भिंतीतल्या बारीक नळ्या कशा फुटतात. नियम जुळला तर जात एक. माणसाला जन्मभर पुरेल एवढं काम ते आठवड्यात संपवायचं. गेल्या दोन वर्षांत जगभरच्या संग्रहालयांतल्या हजारो जाती अशा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. यंत्राचा निष्कर्ष जागतिक यादीत जाण्याआधी संस्थेला हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळत. पुष्कळ जण घेत. स्वतः नाव दिलेली जात जाताना बघणं सोपं नसतं.

२०१४ च्या जानेवारीत ती आणि शिरीष तोडकर लखपतजवळच्या एका नाल्यात दगड गोळा करत होते. दोघं एकाच गुरूंचे विद्यार्थी, संस्थेत एकाच वर्षी लागलेले, शेजारशेजारच्या टेबलांवर बसणारे. पुण्यात परतल्यावर शिरीषने एक दगड अर्धा केला, त्यातला अर्धा भाग पाण्यात भिजवून मऊ केला, चाळणीवर धुतला, आणि चाळणीवर चकती आणि गहू एकत्र निघाले. तो धावत तिच्या टेबलापाशी आला होता. कालपट्टीत चूक आहे, असं त्याने महिन्याभरात सगळ्यांसमोर मांडलं.

संस्थेने समिती नेमली. समितीने उरलेल्या अर्ध्या दगडाचा एक पातळ काप काढून पाहिला, पण कवचं वेडीवाकडी कापली गेल्यामुळे कशाचं काय ते ठरेना. मग जाणकार म्हणून वैजयंतीचं लेखी मत मागवलं. तिने अर्धं पान लिहिलं. आधीच्या नमुन्यानंतर चाळणी नीट धुतली गेली नसावी आणि त्यातली कवचं यात मिसळली असावीत. एवढंच. खोटेपणा केला, असं तिने लिहिलं नव्हतं. पण संस्थेच्या जिन्यावरून ती गोष्ट खाली उतरेपर्यंत 'मिसळली असावीत'चं 'मिसळली' झालं आणि पुढच्या मजल्यावर 'मुद्दाम मिसळली'. शिरीषचा प्रकल्प बंद पडला. डिसेंबरात त्याने राजीनामा दिला.

मत लिहिण्याआधी तिने त्याला काहीच विचारलं नव्हतं. विचारलं तर मैत्रीपोटी आपला हात कचरेल, असं तेव्हा तिला वाटलं होतं. पुढे हेच कारण ती स्वतःला इतक्यांदा सांगत राहिली की त्यात काही अर्थ उरला नाही.

यंत्राला तीन दिवस लागले. गुरुवारी सकाळी शबानाने तिला बोलावलं.

"दगडात दोन्ही आहेत," शबाना म्हणाली. "चकत्या एकशे बारा, गहू नऊशेच्या वर. एकाच चिखलात एकत्र पडलेले. बाहेरून काही मिसळलेलं नाही, मॅडम."

वैजयंती खुर्चीत बसली.

"आणखी आहे," शबानाने चित्र बदललं. "बाराव्या कप्प्यापासून पुढे दोघांच्या वाढीचा नियम तंतोतंत एक येतोय. यंत्र दोघांना एका जातीत टाकतंय. मलाही पटेना. म्हणून मी म्हटलं, पुरावा मिळतो का बघू. ही चकती बघा, कडेचे कप्पे."

पडद्यावर एक चकती सावकाश फिरत होती. मधले कप्पे दाटीवाटीने, ओळीने. कडेचे मात्र फुगीर, मोठे. आणि त्या फुगीर कप्प्यांमध्ये बारीक बारीक घरं होती. कुणाचे दोन कप्पे झालेले, कुणाचे तीन.

"सतरा आहेत," शबाना म्हणाली. "मोजून मापून पाहिलं. सतराच्या सतरा कोवळे गहूच. आईच्या पोटातून बाहेर पडायच्या आतच ती चिखलाखाली गाडली गेली."

वैजयंतीने चित्र थांबवलं, मोठं केलं, परत लहान केलं. काही वेळाने म्हणाली, "शबाना, मला जरा एकटीला बसू दे."

शबाना गेल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. आलं ते हसू, आणि त्याची तिला लाज वाटली. जन्मभराची कालपट्टी समोर मोडून पडली होती आणि छातीवरचं काहीतरी खाली ठेवल्यासारखं वाटत होतं. शिरीषने काही मिसळलं नव्हतं. त्याची चूक नव्हती, आणि आता ते दगडच सांगत होता.

दुपारी संचालकांचं बोलावणं आलं. डॉ. पराडकर तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते आणि तिच्याशी नेहमी अदबीने बोलत.

"मॅडम, तुमचा गौरवग्रंथ छापायला गेलाय," ते म्हणाले. "त्याचं नावच तुमच्या कालपट्टीवरून आहे. मी काही दडपा म्हणत नाही. एक साधी हरकत घाला. नमुना पूर्वी बाद ठरलेला आहे, सबब फेरतपासणी व्हावी. चार महिने जातील. तोवर तुमचा समारंभ होऊन जाईल. मग येऊ दे की बाहेर."

"आणि बाहेर येईल तेव्हा?"

"तेव्हा तुम्ही निवृत्त असाल. कुणी विचारायला येणार नाही."

सूचना वाईट नव्हती. खोटंही काही लिहायचं नव्हतं. आपल्या टेबलावर येऊन तिने हरकतीचा अर्ज उघडला आणि पहिलं वाक्य लिहिलंसुद्धा. 'नमुना क्रमांक तीनशे अठरा हा पूर्वीच मिश्र ठरलेला असल्यामुळे' इथपर्यंत आल्यावर तिच्या लक्षात आलं की अर्धं पान ती दुसऱ्यांदा लिहायला बसली आहे. आणि या खेपेलाही कुणाला न विचारता. तिने वाक्य पुसलं, 'हरकत नाही' असं नोंदवून सही केली आणि पराडकरांना फोन केला.

"गौरवग्रंथाचं नाव बदला," ती म्हणाली. "किंवा छापू नका. मला चालेल."

ते म्हणाले, "छापू. नाव काय द्यायचं ते तुम्हीच कळवा."

शिरीष कराडात असतो, त्याचं चष्म्याचं दुकान आहे, एवढं तिला ऐकून ठाऊक होतं. शनिवारी तिने स्वारगेटहून विजेवर चालणारी एसटी पकडली. चित्रं ती पिशवीतल्या डिजिटल पाटीवर घेऊन निघाली होती. वाटेत काय बोलायचं ते तिने चार वेळा ठरवलं आणि उंब्रजच्या पुढे गेल्यावर ते सगळं सोडून दिलं.

दुकान लहान, पण लख्ख होतं. शिरीष काउंटरच्या मागे एक भिंग कापडाने पुसत होता. केस पांढरे झालेले, बाकी तसाच. त्याने वर पाहिलं, हातातलं भिंग खाली ठेवलं.

"या मॅडम," तो म्हणाला. "बसा. डोळे तपासायचेत का?"

"नाही. तुला... तुम्हाला एक दाखवायचंय."

"आधी बसा तर."

आतल्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. शिरीषने ओळख करून दिली, "ही कुंदा, माझी बायको. कुंदा, या काणेकर मॅडम."

कुंदाने नमस्कार केला नाही, पण आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून ठेवला. "नाव ऐकलंय," ती म्हणाली आणि तिथेच स्टुलावर बसली.

वैजयंतीने पाटी काउंटरवर ठेवली. "तुमचा उरलेला अर्धा दगड आम्ही यंत्रात घातला. न फोडता. त्यात दोन्ही आहेत, एकमेकांना खेटून. नमुना मिसळलेला नव्हता. माझं मत चुकीचं होतं."

शिरीषने चष्मा बदलला आणि चित्राकडे बघत राहिला.

"दगडात?" त्याने शेवटी विचारलं. "अख्ख्या दगडात?"

"हो. शंका घ्यायला जागा नाही."

तो मागची खुर्ची ओढून बसला.

"चाळणी," तो म्हणाला. "समितीला मी सांगितलं होतं की चाळणी धुतली होती. सांगितलं खरं, पण मला आठवत नव्हतं. त्या दिवशी सकाळी आईचा फोन आला होता, बाबांना दवाखान्यात नेलंय म्हणून. माझं लक्ष नव्हतं. धुतली की नाही, खरंच आठवत नव्हतं मला. आजतागायत आठवलं नाही."

कुंदा त्याच्याकडे बघत होती. "हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत," ती म्हणाली.

"काय बोलणार? सगळ्या जगाला मी सांगत होतो की ती बाई चुकली. आणि मनात म्हणत होतो, बरोबर तर नसेल ना. एखादा माणूस आपल्यावर आळ घेतो तेव्हा निदान आपली खात्री असावी लागते. मला तीही नव्हती."

वैजयंतीला वाटलं होतं की तो रागावेल. हे तिला अपेक्षित नव्हतं. दोघंही इतकी वर्षं एकाच चाळणीपाशी उभे होते आणि एकमेकांना त्याचा पत्ता नव्हता.

"धुतली असलीच पाहिजे," ती म्हणाली. "नळीतली कवचंही तपासली. त्यांना चिकटलेला चिखल दगडातलाच आहे. दुसऱ्या कुठल्याही नमुन्यातलं एकही कवच त्यात नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

त्याने डोळे मिटले, उघडले. मग तिने त्याला पिल्लांची चकती दाखवली. तो पुढे झुकला. फिरवून बघितली, थांबवली, कडेच्या एका कप्प्यावर बोट ठेवलं. कुंदाही उठून त्याच्या खांद्यावरून बघू लागली.

"ही तिची पिल्लं?" कुंदाने विचारलं.

"तिचीच," शिरीष म्हणाला. "म्हणजे दोन जाती नव्हत्याच. आई आणि लेकरं." आणि एकाएकी त्याचा आवाज बदलला, भरभर येऊ लागला. "थांब. मग खाली चकती, वर गहू, हे कसं? सगळीकडे तसंच होतं ना? तुझे थर खोटे नव्हते. मी स्वतः पाहिलेत."

"तेच मला अजून नीट लागत नाहीये."

"अगं, खोली! मोठी पिढी खोल पाण्यात टिकत असणार, लहान उथळात. समुद्र गाळाने भरत आला, उथळ होत गेला, की खाली चकती आणि वर गहू. तू त्याला काळ समजलीस. ते पाणी होतं. आणि आपला नाला म्हणजे बरोबर मधली जागा, जिथे दोघं असायचे."

वैजयंती त्याच्याकडे बघतच राहिली. दोन दिवस ती, शबाना आणि यंत्र मिळून जे शोधत होते ते त्याने चष्म्याच्या दुकानात बसल्या बसल्या सांगितलं होतं.

"हे तू लिही," ती म्हणाली. "तुझ्या नावाने."

"लिहायची सवय गेली आता." त्याने पाटी बाजूला ठेवली. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "वैजयंती, चूक कुणाचीही होते. तुझ्या जागी मीही तेच लिहिलं असतं कदाचित. पण तू मला विचारायला हवं होतंस. आठ फुटांवर बसत होतो मी."

"हो," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं."

तिला पुढे काही जोडावंसं वाटलं, पण तिने जोडलं नाही. त्यानेही मागितलं नाही. रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर धडधडत गेला आणि काचेची कपाटं थरथरली.

कुंदाने जेवायला वाढलं. आमटी, भात, वांग्याची भाजी. जेवताना ती एकदाच बोलली. "तुम्ही कधी आमच्या ताटावर बसाल असं मला वाटलं नव्हतं," ती म्हणाली, आणि वैजयंतीच्या भातावर आणखी आमटी वाढली. शिरीष मात्र बोलत होता. यंत्र नळ्या कशा मोजतं, पातळ काप आता कुणी काढतं का, शबाना कुठल्या गावची. लेख दोघांनी मिळून लिहावा, पहिलं नाव त्याचं असावं, असं वैजयंतीने पुन्हा सुचवलं तेव्हा त्याने नाही म्हटलं नाही. पुढच्या आठवड्यात पुण्याला येऊन दगड स्वतः बघतो, मग ठरवू, म्हणाला.

जेवण झाल्यावर तो हात धुऊन आतल्या खोलीत गेला. त्याला यायला उशीर लागला तशी कुंदा बघायला गेली आणि लगेच परत आली. तिने मधलं दार आवाज न करता ओढून घेतलं.

"झोपलेत," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य लपत नव्हतं. "चटईवर असेच आडवे झालेत. पंचवीस वर्षं झाली लग्नाला, दिवसा कधी डोळा लागला नाही यांचा. रात्रीसुद्धा जेमतेम."

"मी निघते," वैजयंती म्हणाली. "साडेतीनची गाडी मिळेल."

"बसा हो. उठल्यावर विचारतील." कुंदाने काउंटरमागची दुसरी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

दोघी बसल्या. बोलण्यासारखं फारसं नव्हतं आणि त्याचं ओझंही वाटत नव्हतं. आतून एकसारखा, खोल श्वास ऐकू येत होता. चारच्या सुमारास पागोटं बांधलेले एक म्हातारे गृहस्थ पायऱ्या चढून आले. चष्मा तयार झाला का, त्यांनी विचारलं.

"तयार आहे, आबा," कुंदा हळू आवाजात म्हणाली. "पण कानाला बसवून तेच देतील. सहा वाजता या."

"का? बरं नाही का त्यांना?"

"बरं आहे," कुंदा म्हणाली. "चांगलं बरं आहे. झोपलेत."

म्हाताऱ्यांनी मान डोलावली आणि पायऱ्या उतरताना काठी आपटू न देता, अलगद टेकत ते खाली गेले.